एकशे अठरावी

शू-फेन कपडे धुण्याच्या खोलीत, ड्रायर आणि भिंतीच्या मधल्या फटीत अंग चोरून उभी होती. तेही स्वतःच्याच घरात! घर बघायला गिऱ्हाईक येणार असलं की मालकाने बाहेर जायचं, ही इथली रीत. एजंट ब्रेंडाने तिला दोनदा बजावलंही होतं. पण आधीची तीन गिऱ्हाइकं आली तशी गेली होती, आणि ती का गेली हे कळल्याशिवाय शू-फेनला चैन पडत नव्हतं.

घर विकायला काढलं होतं ते पोरीसाठी. जोलीन इथल्या हेरन लेक हायस्कूलमध्ये सत्त्याण्णव टक्के मिळवून सहाशे मुलांत एकशे अठरावी. राज्यातल्या मोठ्या विद्यापीठात प्रत्येक शाळेच्या पहिल्या थोड्या मुलांना थेट प्रवेश, बाकीच्यांनी हात चोळत बसायचं. म्हणून शू-फेनने सात मैलांवरची कॉटन ग्रोव्हची शाळा शोधून काढली होती. तिथे हीच पोरगी पहिल्या विसात येणार होती. तिकडच्या घराच्या करारावर उद्या सकाळी सही व्हायची होती.

"स्वयंपाकघर राहू दे, ब्रेंडाबाई," बाहेरून एका बाईचा दणदणीत आवाज आला. "आधी शाळेचं सांगा. कुठली कुठली मुलं आहेत तिथे?"

"इफेओमा, कुठले लोक किती, हे एजंटला कायद्याने बोलता येत नाही. माझं लायसन्स जाईल."

"मग तुम्ही गप्प बसा, मी बोलते. बरोबर असलं की नुसतं खोका. निम्मी मुलं चिनी आणि भारतीय?"

ब्रेंडा गप्प.

"त्याहून जास्त?"

ब्रेंडा खोकली.

"देवा, काय छान! म्हणजे इथे अभ्यास होतो!" इफेओमाचा आवाज आणखी चढला. "आमच्या कॉटन ग्रोव्हला एका टेबलावर आठ देशांची मुलं जेवायला बसतात. मी स्वतः नायजेरियाची, मला त्याचं कौतुकच आहे. पण सगळे एकमेकांच्या वाढदिवसांनाच जातात हो! पुस्तक उघडायला सवड कुणाला? तरी माझा ओबिन्ना नववा होता. मग ही हेरन लेकची माणसं नंबरासाठी घरं बदलून आमच्याकडे यायला लागली. एका उन्हाळ्यात चाळीस कुटुंबं! माझा पोरगा नवव्याचा एकतिसावा झाला. आणि थेट प्रवेश तिसाव्यापर्यंत! तेवढे इथले कमी झाले, म्हणून आता आम्हीच इकडे येतो. बोला!"

आपण लपलोय हे शू-फेन साफ विसरली आणि दार ढकलून बाहेरच आली. हातात उगाच एक मोजा होता.

"एकतिसावा? किती टक्क्यांना?"

ब्रेंडाने कपाळाला हात लावला. इफेओमा दचकली खरी, पण प्रश्न मुद्द्याचा होता, म्हणून तिने उत्तर दिलं. "शहाण्णव पूर्णांक आठ. तुम्ही कोण?"

"मालकीण. माझी मुलगी सत्त्याण्णव पूर्णांक चार."

"अरे वा! मग ती इथे पहिल्या पाचात असेल."

नुसतं 'हो' म्हटलं असतं तर घर तिथल्या तिथे खपलं असतं. ब्रेंडा डोळ्यांनी विनवत होती. पण पहिल्या पाचात? हेरन लेकमध्ये? शाळेचा एवढा अपमान शू-फेनला सहन होईना.

"पहिल्या पाचात? अहो बाई, आमचा पाचवा मुलगा सुट्टीत कॅन्सरवर संशोधन करतो. पन्नासावी मुलगी दोन वाद्यं वाजवते आणि वर जपानी शिकवते. माझी जोलीन एकशे अठरावी आहे, एकशे अठरावी!" हे तिने छाती पुढे काढून सांगितलं.

इफेओमा मटकन खुर्चीत बसली. "आणि माझा शहाण्णववाला?"

शू-फेनने मनात आकडे मांडले. "दोनशेच्या आसपास. फिजिक्स चांगलं असेल तर एकशे नव्वद."

"आणि तुम्ही घर विकून निघालात कुठे?"

"कॉटन ग्रोव्हला."

इफेओमा खो खो हसत सुटली. "म्हणजे तुमची आली की माझा बत्तिसावा! नका हो येऊ, पाया पडते."

"नाही येत. चाळीस कुटुंबं गेली म्हणजे तिथले पहिले वीसही भरलेच," शू-फेन म्हणाली. तिलाही हसू आवरेना. "तुम्हीही येऊ नका."

ब्रेंडाने मुकाट्याने पर्स उचलली. या धंद्यात तिने गळकी छपरं पाहिली होती, वाळवी पाहिली होती. मालकिणीने शाळेची स्तुती करून गिऱ्हाईक घालवलेलं तिने पहिल्यांदाच पाहिलं.

त्या गेल्यावर शू-फेनने फोन करून उद्याचा करार रद्द केला. तिला एकदम मोकळं वाटलं. घर बदलायचं ठरल्यापासून, महिनाभर, जोलीन तिच्याशी धड बोलली नव्हती.

पाच वाजता जोलीन मैत्रिणीकडून परतली. हातात पुठ्ठ्याचा खोका होता.

"आपण कुठेही जात नाही," शू-फेनने दारातच सांगून टाकलं. "तू इथेच राहणार. याच शाळेत."

"खरंच, आई?" पोरीचा चेहरा फुलला. खोका टेबलावर टाकून ती आईच्या गळ्यात पडली. दोघींचेही डोळे भरून आले.

मग जोलीनची नजर खोक्याकडे गेली आणि ती हळूच बाजूला झाली.

"काय झालं गं?"

जोलीनने झाकण उघडलं. आत अर्धा केक होता. त्यावर क्रीमची अक्षरं उरली होती: '…आभार, जोलीन! तुझ्या, ११९ ते १३०.'

"निरोपाची पार्टी होती," जोलीन रडवेल्या आवाजात म्हणाली. "बाराही जणींनी मिळून आणला गं. आता उद्या त्यांना काय तोंड दाखवू? अर्धा खाऊन झालाय."