पडद्यावरचं बेट

बाहत्तरच्या दुष्काळातला नाताळ. नगरला कमरुद्दीनच्या फोटो स्टुडिओत पडद्यावर समुद्र आणि बेटं रंगवली होती. त्यापुढच्या शिडाच्या लाकडी होडीत शिमोन आणि त्याची बायको मार्था बसले.

"बेटं फिरून आलो म्हनून माहेरी धाडू," मार्था हसली. "आदी पानी द्या, लई तहान लागलीय."

"बादलीतलं फोटो धुवायला हाय. गप बस," शिमोन म्हणाला.

फोटो निघाला. दोघं बाकावर थांबले.

कमरुद्दीनने ओली प्रत आणली. होडीत शिमोन एकटाच होता. मार्था मागे बेटावर उभी होती.

त्याच निगेटिव्हच्या दुसऱ्या प्रतीत होडी लांब गेली होती. मार्था दोन्ही हात हलवत होती.

शिमोनने वळून पाहिलं. बाकाखाली नुसत्या तिच्या चपला उरल्या होत्या.

"तिसरी काढा, कमरुभाई! होडी माघारी वळली असंल."

"काढली," कमरुद्दीन खाली बघत म्हणाला. "तिच्यात तुमी हसताय."