अध्यक्षांचा नळ

सकाळपासून इमारतीतले सगळे नळ कोरडे होते आणि सोसायटीच्या अध्यक्षांच्या स्वयंपाकघरातला नळ धो धो वाहत होता.

वाहणारच. वार्षिक तपासणीसाठी पिण्याच्या पाण्याची लाइन तळमजल्यावर बंद ठेवली आहे, ही नोटीस इतरांसाठी होती. अध्यक्ष दार उघडं टाकून उंबऱ्यात उभे होते आणि बादल्या, कळशा, पातेली घेऊन आलेल्या शेजाऱ्यांना एकेक करून आत सोडत होते.

"या, या. लाजायचं काय त्यात? आपलंच घर समजा."

"तुमच्याकडे कधी पाणी जातच नाही हो," समोरच्या काकू म्हणाल्या.

"स्पेशल लाइन घेतलीय. इमारतीसाठी एवढी मरमर करतो, मग आपल्याला एवढं तरी नको?"

सगळे हसले. हातात रिकामं भांडं असलं की माणसाला हसावंच लागतं.

भांडी भरून द्यायचं काम सुनेकडे होतं. कडेवर तान्ही मुलगी मान टाकून पडली होती. चार दिवस तिच्या पोटात काही ठरत नव्हतं. सून एका हाताने तिला सावरत होती आणि दुसऱ्या हाताने भांडी सरकवत होती.

"बाळ सुकलं गं," काकू म्हणाल्या.

"सुकेल नाही तर काय?" अध्यक्ष उंबऱ्यातूनच बोलले. "बाटल्या नीट धुवायला नकोत? आमच्या सूनबाई एमएस्सी. जंतूंची नावं पाठ, पण बाटली धुता येत नाही."

लोक पुन्हा हसले, थोडे कमी. सुनेने पुढचं भांडं नळाखाली सरकवलं. ती बाटल्या रोज वीस मिनिटं उकळायची. उकळून झाल्यावर त्या वाहत्या नळाखाली खळाखळा विसळायच्या, नाही तर भांड्याचा वास राहतो, ही शिस्त सासऱ्यांची होती. त्या नळाच्या पाण्याला गेले दोन महिने किंचित औषधी वास यायचा. तोही तिने एकदा बोलून दाखवला होता. ती शुद्धतेची खूण आहे, असं तिला सांगण्यात आलं होतं.

रांग बाजूला सारत तपासणीच्या बाई आत आल्या. त्यांनी नळाकडे पाहिलं, मग भांड्यांकडे.

"हा नळ चालू कसा?"

"आमचा कायम चालू असतो," अध्यक्ष म्हणाले. "चहा घेणार?"

"पिण्याची लाइन मी स्वतः बंद करून आलेय. इमारतीतला एकही पिण्याचा नळ आत्ता चालू असायला नको." बाई खिडकीतून बाहेर वाकल्या. भिंतीलगत दोन पाइप उभे होते, दोन्ही पांढरेशुभ्र. "दुसरा पाइप जांभळा असतो. तो कुठे गेला?"

"तोच तो. पांढरा रंग मारून घेतला. खिडकीतून फार बटबटीत दिसायचा हो. पाहुणे विचारायचे."

"पाहुण्यांनी विचारावं म्हणूनच तो जांभळा असतो."

बाईंनी फोन लावला. "फ्लशच्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद करा. हो, आत्ता."

सगळे नळाकडे बघत राहिले. धार बारीक झाली, मग करंगळीएवढी, मग थेंब. मग तेही थांबले.

"हे पाणी फ्लशच्या टाकीतलं आहे," बाई म्हणाल्या. "तुम्हा सगळ्यांच्या मोऱ्यांचं आणि संडासांचं, खाली साफ करून पुन्हा वर चढवलेलं. संडासापुरतं आणि बागेपुरतं साफ केलेलं, म्हणून तर पाइप जांभळा. ओतून द्या ते. कुणी पिऊ नका."

काकूंनी कळशी अंगापासून लांब धरली.

"पिण्याची टाकी दुपारी रिकामी होते हो," अध्यक्ष म्हणाले. "ही कधीच होत नाही. प्लंबर म्हणाला, जोडून देतो. आणि शेवटी पाणी ते पाणी. साफ केलेलंच आहे ना? खालच्या शुद्धीकरण प्लांटच्या उद्घाटनाच्या भाषणात मीच सांगितलं होतं की, काचेसारखं स्वच्छ दिसतं."

"दिसतं," बाई म्हणाल्या. "घरात कुणाला काही त्रास? उलट्या, जुलाब?"

"छे छे! आम्ही सगळे ठणठणीत."

"मुलीला आहेत," सून म्हणाली. "चार दिवस."

"दात येतायत तिला," अध्यक्ष घाईने म्हणाले.

"तिसऱ्या महिन्यात?" काकूंनी विचारलं. या वेळी कुणी हसलं नाही.

सुनेने ओट्यावरची भरलेली बादली पायाशी ठेवली, हात कोरडा केला, खुंटीवरची पर्स घेतली. मुलीला कडेवरून खांद्यावर घेतलं, तरी मुलगी हुंकारलीसुद्धा नाही.

"डॉक्टरांनी काल विचारलं होतं, घरात पाणी कुठलं वापरता. मी म्हटलं, सगळ्यात चांगलं, आमचे सासरे अध्यक्ष आहेत." ती सासऱ्यांसमोर येऊन उभी राहिली. आवाज नेहमीसारखाच हळू होता. "आत्ता पुन्हा तिकडेच चाललेय. ते पुन्हा विचारतील. काय सांगू, बाबा?"

अध्यक्षांनी तिच्याकडे पाहिलं नाही. खांद्यावरच्या मुलीकडेही पाहिलं नाही. त्यांनी काकूंकडे पाहिलं, कळशीकडे पाहिलं, जिन्यापर्यंत गेलेल्या रांगेकडे पाहिलं.

"आधी," ते दबक्या आवाजात म्हणाले, "ते दार लाव."