सहा तासांचा अंधार

काट्याने तिसरा पिंजरा वजनाला लावला, आकडा वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला.

"ताई, पस्तिसाव्या दिवशी सव्वादोन किलो. या पट्ट्यात पहिला नंबर तुमचा."

काट्या म्हणजे पिल्लं आणि खाद्य पुरवणाऱ्या कंपनीचा सुपरवायझर. नाव बाबांनी ठेवलेलं. अंगाने काडी, आणि दर आठवड्याला वजनकाटा घेऊन दारात हजर. याला स्वतःचं वजन वाढवता येईना आणि निघालाय माझ्या कोंबड्यांचं वाढवायला, असं बाबा तो फाटकाबाहेर पडायच्या आतच म्हणत. मागच्या दोन बॅच हलक्या भरल्या होत्या. तिसरीही हलकी निघाली तर शेड बंद, असं कंपनीने लेखी कळवलं होतं. ते पत्र बाबा गेल्यावर त्यांच्या उशाखाली सापडलं.

"खाद्य तेच, पिल्लं तीच," काट्या म्हणाला. "बाबांना बारा वर्षांत नाही जमलं. काय केलंत काय?"

तिने काहीच केलं नव्हतं. आकडा ऐकल्यावर ते तिच्या ध्यानात आलं.

शेडला चारी बाजूंनी काळे पडदे होते. आतला दिवस उजाडायचा आणि मावळायचा तो दाराजवळच्या बटणावर. उजेड असला की पाखरं खातच राहतात, मांस भराभर चढतं आणि हाडं मागे पडतात. म्हणून बाबा रोज सहा तास दिवे घालवत. ते गेले आणि घर माणसांनी भरलं. खाद्य-पाणी काका बघत होते, पण बटणाचं कोणालाच सुचलं नाही. सतरा दिवस दिवे जळत होते.

काट्याने पिंजरा उलटा केला. पाखरं जिथे पडली तिथेच बसली. त्यातलं एक पाण्याकडे निघालं. पंखांनी जमिनीवर पसरलेलं तूस मागे सारत, पाय फरपटत.

"त्याला उभं राहता येत नाही," ती म्हणाली.

"पाच दिवसांनी गाडी येतेय. चालत कुठे जायचंय त्याला?"

सतरा दिवस दिवे घालवलेच नाहीत, असं तिने सांगितल्यावर तो समजुतीने बोलू लागला. बाबांचा तो अंधाराचा हट्ट तिने सोडला हे बरंच झालं. पुढच्या खेपेला दुप्पट पिल्लं द्यायला वरचे तयार होतील, फक्त दिवे असेच राहायला हवेत. त्याने कराराचा कागद पुढे केला. बाबांचं नाव खोडून वर तिचं लिहिलेलं होतं. तिने सही केली.

तो गेल्यावर दार ओढून घेताना तिचा हात बटणावर गेला. बाबांच्या बोटांनी त्याच्याभोवतीचा चुना काळा पडला होता. तिने दिवे घालवले.

पूर्वी अंधार झाला की पाखरं उठत, भिंतीकडे सरकत, एकमेकांना खेटून बसत. तेवढा वेळ तूस खसखसत राही. लहानपणी ती बाबांचं बोट धरून तो आवाज थांबेपर्यंत उभी राहायची.

ती वाट पाहत राहिली. तूस वाजलं नाही.

बऱ्याच वेळाने तिने पुन्हा दिवे लावले. लगेच चोची सुरू झाल्या.