न्यायमूर्तींचा आवाज

“बाबा, आईचा आवाज चोरलाय त्यांनी,” मुलगी फोनवर म्हणाली, तेव्हा तो दुकानात एका जुन्या शिलाई मशीनला तेल देत होता. बायको जाऊन अजून वर्षही झालं नव्हतं.

मुलीने पाठवलेली झलक त्याने तिथेच उघडली. कोर्टाचा व्हिडिओ गेम होता, नवा भाग. पहिला भाग घरात सगळ्यांना पाठ होता, कारण त्यातल्या न्यायमूर्तींना आवाज बायकोने दिला होता. खेळणाऱ्याने वकील व्हायचं, साक्षीदाराचं एकेक वाक्य वाचायचं, खोटं सापडलं की तिथेच अडवायचं. बोलणं सगळं पडद्यावर लिहिलेलं. आवाज फक्त चार आरोळ्यांना. ‘शांतता!’, ‘हरकत मान्य!’, ‘हरकत फेटाळली!’ आणि ‘पुढे चला!’ बापलेकीचं वाजलं की स्वयंपाकघरातून ‘शांतता!’ यायची आणि दोघं हसत गप्प बसायची.

नव्या भागात न्यायमूर्ती चक्क बोलत होत्या. लांबलचक वाक्यं, साक्षीदाराला झापणं, मधेच एखादा टोमणासुद्धा.

“त्या चार आरोळ्यांवरून मशीनने बनवलाय,” मुलगी म्हणाली. “हल्ली करतात असं.”

“मेलेल्या बाईलाही राबवायला लागले? खेचतोच कोर्टात!”

त्याने शटर ओढलं आणि स्कूटर काढली.

गेमवाल्यांनी जागा बदलली होती. नवं ऑफिस इस्पितळाच्या मागच्या गल्लीत निघालं, तेव्हा त्याचं डोकं आणखी फिरलं. त्या इमारतीकडे त्याला बघायचंही नव्हतं. दर मंगळवारी तो तिला रेडिएशनसाठी याच इस्पितळाच्या गेटवर सोडायचा. ती त्याला आत येऊ द्यायची नाही. “सुई बघितली तरी चक्कर येते तुम्हाला. मी माझं बघू की तुम्हाला सावरू? जा, दुकान उघडा.” संध्याकाळी गेटवर उभी असायची, थकलेली, पण हसून मागे बसायची.

रेकॉर्डिंग करणारी बाई त्याच्या मुलीच्याच वयाची होती. त्याला दारात बघून ती उभीच राहिली.

“बसा ना काका. पाणी देते.”

“पाणी नको, उत्तर दे. तो आवाज कोणाचा?”

“काकूंचा.”

“काकू आता कुठून बोलणार? मशीनने बनवलात ना?”

“नाही.”

“मग कधी घेतलात? आजारपणात तिने काम सोडलं होतं. मला स्वतः म्हणाली, आता माइकसमोर उभं राहवत नाही.”

“उभं राहवत नव्हतंच,” ती बोलून गेली आणि खाली बघत हेडफोनची वायर गुंडाळू लागली.

“मग? तुम्हाला काय वाटलं, म्हातारा मशीन दुरुस्त करतो, याला काय कळणार? तुमचाच गेम खेळून शिकलोय मी. एकेका वाक्याला अडवीन. हा आवाज वाक्याच्या मधे दम खातो. माझी बायको कधी दम खायची नाही बोलताना. अख्खी गल्ली साक्ष देईल.”

तिला हसू आलं, पण तिने ते गिळलं. “आम्हालाही बोलू द्यायच्या नाहीत.”

“आणि ऐक. त्या रेडिएशनने बाकीच्यांचे घसे जळाले. गेटवर दिसायची ना ती माणसं, पाण्याचा घोट गिळता येईना, शेवटी खुणांवर आली. हिचा घसा मात्र शाबूत. शेवटच्या आठवड्यातही मला दारातून हाक मारायची. तेवढंच एक नशीब होतं आमचं आणि तेच तुम्ही विकायला काढलंत! लाज नाही वाटत?”

“काका, ऐका माझं. जाऊ द्या ना.”

“जाऊ देऊ? कोणाला वाचवतेयस? मालकाला?”

“मी शब्द दिलाय.”

“कोणाला?”

तिने गुंडाळलेली वायर पुन्हा सोडवायला घेतली.

“ठीक आहे. उद्या वकील गाठतो. तुमचा गेम बाजारात येतोच कसा ते बघतो. तिच्या तोंडी तुमचा एक शब्द राहू देणार नाही. सगळा पुसायला लावीन.”

‘पुसायला’ म्हटल्यावर तिचा चेहरा उतरला. मग काचेमागच्या खोलीतली खुर्ची तिने त्याच्याकडे सरकवली. हात ठेवायला दांडे असलेली, पाठीला उशी बांधलेली.

“हे कापून टाकलेले तुकडे आहेत. गेममध्ये नाहीत. एकदा ऐका, मग काय पुसायचं ते तुम्हीच ठरवा.” तिने हेडफोन त्याच्या हातात दिला.

आधी कागदाची सळसळ आली. मग खोकला. मग बायको.

“थांब गं, दम घेऊ दे. हे गेटवर यायला वेळ आहे अजून... छे, नाही सांगितलं. सांगितलं तर उचलून नेऊन घालतील मला त्या मशीनखाली. डॉक्टर म्हणाले, रेडिएशन घेतलंत तर चार महिने जास्त मिळतील, पण आवाज जाईल. चार महिने काय ह्यांच्यासमोर खुणा करत बसू? पहिल्याच मंगळवारी मागच्या दाराने निघाले, ती इथेच आले बघ. आणि तू बोलायचं नाहीस हं कोणाला. चल, कर सुरू.”

त्याने हेडफोन काढला नाही.

“पुढचं लाव,” तो म्हणाला.

“पुढचं नाहीये, काका. त्यानंतरच्या मंगळवारी काकू आल्या नाहीत. शेवटच्या खटल्याचा निकाल वाचायचा राहिला.”