सिनेमातली माय

शेजारच्या खुर्चीतली बाई रुमाल तोंडाला लावून हुंदके देत होती, तेव्हा विमलबाईंनी तिसऱ्यांदा 'च्यक्' केलं.

पडद्यावर एक आई शाळेच्या अंगणात हात जोडून उभी होती. सकाळपासून. डोक्यावर ऊन, पायांत चप्पल नाही. तिच्या मुलाला शाळेत घ्यायला हेडमास्तर तयार नव्हते आणि ती तोंडातून एक शब्द न काढता त्यांच्या दाराकडे पाहत होती. मागे बासरी वाजत होती.

मध्यंतराचे दिवे लागले.

"असं कोन उभं राह्यते?" विमलबाईंनी शेजारी बसलेल्या मुलाला विचारलं.

सिनेमा त्यांच्या मुलाचाच, श्रेयसचा होता. त्यातली आई म्हणजे विमलबाई, हे पेपरात छापून आलं होतं. पुण्यात बक्षीस मिळाल्यावर आज अमरावतीत खास खेळ ठेवला होता आणि त्यासाठी विमलबाईंना बार्शीटाकळीहून गाडीने आणलं होतं.

"आई, हळू बोल."

"काहून हळू? माह्या चपला कुठं गेल्या? अंगनवाडीत नोकरीले होती मी. अनवानी कवा फिरली?"

"सिनेमा आहे तो. थोडं बदलावं लागतं."

"थोडं? मी त्या मास्तरच्या हापिसात घुसली होती. तुयी ॲडमिशन घेऊनच बाहेर आली. आन् तू मले इथं खांबावानी उभी करून ठेवली!"

श्रेयसने डोळे मिटून घेतले. "भांडणारी आई पाहून लोक रडत नाहीत."

"मंग रडवाच कायले? ते सात वाजताच्या सिरियलीतली सून, दोन वर्सं झाले, जिन्यावर उभी राहून रडून राह्यली. म्या पाहनं सोडलं. हे तुयी आई तिचीच बहीन."

"तुला ते साउथचे मारामारीचेच आवडणार."

"आवडतेच. त्याच्यात कोनी तं उठून हानते."

पुढच्या रांगेतल्या एकाने वळून श्रेयसला अंगठा दाखवला. श्रेयस हसला. सकाळपासून तो असाच हसत होता.

मध्यंतरानंतर आई मेली. विमलबाई पॉपकॉर्नचा पुडा मांडीवर घेऊन स्वतःचं मरण पाहत बसल्या. मेल्यावरही त्या बाईच्या तोंडावर तेच मंद हसू होतं. विमलबाईंनी पुडा चुरगळला.

बाहेर लोकांनी त्यांना गराडा घातला. बाया पाया पडू लागल्या. एक प्राध्यापक 'मूक वेदना' असं काहीतरी म्हणाले. विमलबाईंना भूक लागली होती आणि प्रत्येक वेळी पाय मागे घेत घेत त्या भिंतीला टेकल्या होत्या.

तेवीस-चोवीस वर्षांची एक मुलगी वाकली, उठली, पण बाजूला झाली नाही. मागे तिची आई डोळे पुसत उभी होती. तिच्या चेहऱ्यावर समाधान होतं.

"काकू, मी प्रणाली. दोन महिने झाले माहेरी येऊन. नवऱ्यानं हात उचलला म्हनून आलती." ती भराभर बोलत होती. "आई म्हने, सहन कर, होते सारं बरोबर. मले पटे नाई. आज तुमाले पाह्यलं. एक शब्द न बोलता तुमी जिंकल्या. उद्या मी अचलपूरले वापस जाऊन राह्यली. आता मी पन काही बोलनार नाई."

विमलबाईंनी तिचं मनगट धरलं. "थांब." मग गर्दीवरून हाक मारली, "श्रेयस! इकडं ये."

श्रेयस एका फोनसमोर मुलाखत देत होता. तो आला. फोनवाली पोरगी फोन तसाच धरून मागे आली.

"सांग इले. मी त्या दिवशी काय केलं ते सांग."

"आई, आता इथं कशाला..."

"हे पोट्टी उद्या मार खाले चालली, तुया सिनेमा पाहून. सांग."

श्रेयसने प्रणालीकडे पाहिलं. तिच्या आईकडे पाहिलं. पाया पडायची रांग थांबली होती.

"ती बाहेर उभी नव्हती," तो म्हणाला. "आत गेली होती."

"मोठ्यानं."

"आत गेली होती! हेडमास्तर म्हणाले, जागा भरल्या. तिनं त्यांच्या पुढचं रजिस्टर ओढलं आणि एकेक नाव मोजलं. तीन जागा रिकाम्या होत्या. मग टेबलावर हात आपटून जी बोलायला लागली, तो आवाज मैदानापर्यंत जात होता."

तो थांबला. पुढचं त्याने आईकडे न पाहता सांगितलं, आणि पुण्यात कमावलेली भाषा त्यातून आपोआप गळून पडली.

"सारी शाळा जमा झालती. मी व्हरांड्यात उभा होतो. पोट्टे मले विचारत होते, हे कोनाची माय हाय बे? मी म्हनलं, मले नाई माहीत."

विमलबाईंनाही हे आजच कळत होतं. त्या मुलाकडे पाहत राहिल्या. प्रणालीचं मनगट त्यांच्या हातातच होतं.

"आइकलं?" त्या तिला म्हणाल्या. "लाज त्याले वाटली. मले नाई वाटली."