दोन ठिपके

“मिस्त्री, आता हा तरी पास करा,” भंगारवाला वैतागून म्हणाला. जुन्या गाड्यांच्या शर्यतीत मूळचेच पार्ट चालत, आणि एका कार्बोरेटरपायी दस्तगीर मिस्त्री तीन महिने जुनाबाजार पालथा घालून पार थकले होते.

त्यांनी चष्मा कपाळावर सारला, कार्बोरेटर डोळ्यांजवळ नेला आणि नखाने मळ खरवडला. नंबर जुळला. ओतकामाची खूणही जुळली.

मग तळाशी अंगठ्याला दोन ठिपके लागले. पंचने ठोकलेले, त्यांच्याच हातचे. डुप्लिकेट म्हणून नापास केलेल्या पार्टवर ते उमेदीच्या काळात असेच ठिपके मारायचे, पुन्हा कुणाच्या गाडीत बसू नये म्हणून.

मिस्त्री तिथल्याच टायरवर टेकले.

“काय झालं? ओरिजिनल नाही?”

“ओरिजिनलच आहे,” ते म्हणाले. “मी फेकला तेव्हाही होता.”