वाडीतली पहिली चांदणी

"खोडा ते नाव!" सहादूनं वहीवर अशी थाप मारली, की शेजारच्या ताटलीतल्या करंज्या उडाल्या. "नाहीतर यंदाचा नाताळ कसा होतो तेच बघतो!"

ख्रिस्ती वाडीच्या अंगणात भरदुपारी गमतीच्या प्रश्नांची तयारी चालली होती. दर नाताळला ही प्रश्नोत्तरं व्हायची. प्रश्न सगळे वाडीचेच आणि उत्तरं पोरासोरांनाही तोंडपाठ. शाळेवर कौलं कधी चढली? एकोणीसशे बत्तीस साली. वाडीत नाताळची पहिली कागदी चांदणी कुणी टांगली? त्याच्या आदल्या नाताळला, कारभारी मास्तरांनी.

हे दुसरं उत्तर ऐकलं, की सहादूच्या तळपायाची आग मस्तकात जायची. चांदणी त्याच्या बापानं बांधली होती, शाळेच्या शिपायानं, काळूनं. आईनं मरताना सांगितलं होतं, "चांदणी तुझ्या बापाचीच रे." पुढं बोलायला तिच्यात त्राण उरलं नव्हतं. बापानं तर जन्मभर स्वतःच्या दाराला चांदणी लावली नाही. नाव दुसऱ्यानं पळवल्यावर कुणाचं मन होईल?

आणि यंदा, एकोणऐंशी साली, ही प्रश्नोत्तरं छापली जाणार होती. एकदा छापलं की संपलं. बापाचं नाव कायमचं पुसलं जाणार.

वही निवृत्तीकडे होती. निवृत्ती म्हणजे कारभारी मास्तरांचाच मुलगा, कचेरीत कारकून.

"सहादू, राहू दे रे," तो हळूच म्हणाला.

"का राहू दे? तुझ्या बापाचं पितळ उघडं पडतंय म्हणून? राबला शिपाई आणि मिरवला मास्तर! आयत्या बिळावर नागोबा! पण देव बघत होता. नवं वर्ष लागायच्या आत नोकरी गेली ना मास्तरांची? इगतपुरीला जाऊन हमाली करावी लागली ना?"

"लागली," निवृत्ती म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "तू घरी चल. तिथं बोलू."

"घरी कशाला? होऊन जाऊ दे चारचौघांत!"

सहादू तयारीनंच आला होता. काळूच्या शेजारच्या खोलीत जन्म काढलेल्या भागीबाईला त्यानं हाताला धरून आणलं होतं. म्हातारी ऐंशीच्या घरातली, पण डोकं शाबूत.

"मावशी, सांग सगळ्यांना. चांदणी कुणी बांधली?"

भागीबाईनं निवृत्तीकडे पाहिलं. "जाऊ दे ना बाबा. कशाला जुनं उकरतो?"

"तुला प्रभूची शपथ आहे मावशी!"

"काळूनं," ती म्हणाली. "कामट्या त्यानंच तासल्या. कागद चिकटवायला खळ मी शिजवून दिली."

अंगणात कुजबुज उठली. सहादूचा ऊर भरून आला. अठ्ठेचाळीस वर्षं! त्यानं खिशातलं पेन काढून निवृत्तीपुढे आदळलं.

"लिही! पहिली चांदणी, काळू शिपाई. आणि तोंडानं बोल, माझा बाप खोटं बोलला."

निवृत्तीनं नाव खोडलं. दुसरं लिहिलं. मग वही मिटली.

"माझे वडील खोटं बोलले," तो म्हणाला.

"अरे, का बोलले ते पण सांग की! आता का मूग गिळून बसलास?"

"त्याला काय इचारतो?" भागीबाई कडाडली. "शपथ मला घातली ना? मग ऐक. चांदणीतला दिवा कलंडला अन् शाळेचं गवताचं छप्पर पेटलं. मिशनचा साहेब ओरडत आला, कुणी टांगली म्हणून. काळू थरथर कापत व्हता. घरात तुझी आई बाळंतीण, तू तीन दिसांचा. नोकरी गेली असती तर खोलीबी गेली असती. तवा कारभारी पुढं झाला अन् म्हणाला, 'मी.'"